फिनलंड घसरला, इंडोनेशिया चढला: कागदाच्या एक्स्पोर्टची तुलना करताना नेमकं काय बघायचं

प्रश्न आधी सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातली एक पोरगी एम.कॉम. करते आहे, प्रोजेक्टला विषय घेतला फिनलंड आणि इंडोनेशिया या दोन देशांची कागद-पुठ्ठ्याची निर्यात, १९९० पासून इकडं. तिनं नेटवरून डॉलरमधले आकडे काढले, एक्सेलमध्ये दोन रेषा मारल्या. फिनलंडची रेषा २००८ पर्यंत वर जाते अन् मग उतरते, इंडोनेशियाची १९९० ला जवळपास जमिनीला टेकलेली अन् तिथून चढत जाते. अन् विचारते, "काका, इंडोनेशियानं फिनलंडचं मार्केट खाल्लं असं लिहिलं तर चालते का?"

नाही चालत, पोरी. चुकीचं होईल, आणि चुकीचं काहून आहे ते नीट समजून घेतलं तर तुझा प्रोजेक्ट तिथंच उभा राहतो. मी बरीच वर्षं कागदात आहे, आधी मिलच्या एक्स्पोर्ट डेस्कवर बसायचो, आता वरूडकडं संत्र्याच्या पेट्यांचं कोरुगेशन युनिट चालवतो, तर जे सांगतो ते रोज हाताखालून गेलेलं सांगतो.

पहिली गोष्ट देशांचा आकार. फिनलंडची लोकसंख्या ५५-५६ लाख. आपले अमरावती आणि यवतमाळ हे दोन जिल्हे मिळून २०११ च्या जनगणनेत साडेछप्पन्न लाख होते, म्हणजे तेवढाच अख्खा देश. अन् एवढ्या लोकांनी २००६-०७ च्या सुमारास वर्षाला १ कोटी ४० लाख टनांच्या आसपास कागद आणि बोर्ड बनवला. घरी किती लागणार त्यांना? नव्वद टक्क्यांच्या वर माल बाहेरच जातो. म्हणून फिनलंडच्या बाबतीत उत्पादन आणि निर्यात या दोन रेषा जवळपास एकच असतात, मशीन बंद पडलं की तेवढी निर्यात गेली. इंडोनेशियाचं तसं नाही, तिथं २७ कोटींच्या वर माणूस आहे, शाळा, ऑफिसं, बिस्किटाचे पुडे, नूडल्सचे खोके, सगळं देशातच खपते. तिथं निर्यात दोन-चार वर्षं सपाट दिसली म्हणून धंदा थांबला असं होत नाही, कदाचित तो माल घरीच खपला असेल. म्हणून इंडोनेशियाच्या निर्यातीच्या रेषेशेजारी उत्पादनाची रेषा टाकल्याशिवाय तिच्यावर एक वाक्यही लिहू नको. आणि हेही बघून ठेव की एवढं पडूनसुद्धा २०१० च्या दशकात फिनलंड डॉलरमध्ये इंडोनेशियाच्या वरच राहिला आहे. "मार्केट खाल्लं" म्हणताना हे समोर आलंच पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. तू आकडा काढला तो एचएस कोडच्या, म्हणजे आयात-निर्यातीच्या मालाला जगभर लावतात त्या क्रमांकांच्या, ४८ व्या चॅप्टरचा, कागद आणि पुठ्ठा. त्या एका चॅप्टरमध्ये काय काय भरलंय ते बघ. ४८०१ म्हणजे न्यूजप्रिंट, पेपर छापायचा कागद. ४८०२ मध्ये कोटिंग नसलेला लिहायचा-छापायचा कागद, आपल्या झेरॉक्सची ए-फोर त्याच्यातच. ४८०४ मध्ये क्राफ्ट, खोक्याचा मजबूत तपकिरी कागद. ४८१० मध्ये कोटेड माल. ४८१८ टिश्यू, नॅपकिन. ४८१९ खोके, कार्टन. ४८२० वह्या, रजिस्टर. हे सगळे वेगवेगळे धंदे आहेत, गिऱ्हाईक वेगळं, मशीन वेगळं, भाव वेगळा. न्यूजप्रिंटचं मशीन आहे म्हणून त्याच्यावर उद्या टिश्यू निघत नाही.

फिनलंडनं नाव कमावलं ते मासिकांच्या कागदात. चकचकीत, हलका, पातळ, ज्याच्यावर जर्मनीची, इंग्लंडची, अमेरिकेची मासिकं अन् कॅटलॉग छापायचे. ट्रेडमध्ये त्याला एलडब्ल्यूसी म्हणतात, लाइट वेट कोटेड, आणि त्याचा कोटिंग नसलेला, दाबून गुळगुळीत केलेला भाऊ म्हणजे एससी. या कागदात लाकूड दगडावर किंवा रिफायनरमध्ये दळून केलेला मेकॅनिकल पल्प, म्हणजे लगदा, असतो, त्याला स्प्रूसचं लाकूड लागते अन् वीज भरपूर लागते, दोन्ही त्यांच्याकडं होतं. इंडोनेशियाचं नाव कशात? ए-फोर, वह्या, टिश्यू, पॅकिंगचा बोर्ड, आणि गिऱ्हाईक म्हणजे आशिया, आखाती देश, आफ्रिका. मग सांग, जर्मनीतला मासिकवाला फिनलंडचा एलडब्ल्यूसी सोडून इंडोनेशियाच्या ए-फोरवर मासिक छापणार आहे का? दोघं एकमेकांच्या दुकानासमोर दुकान टाकून बसलेलेच नव्हते, निदान बऱ्याच मालात नव्हते. फिनलंडचा कागद गेला तो मोबाइल आणि इंटरनेटमुळं. वाचणारा स्क्रीनवर गेला, जाहिरात त्याच्या मागं गेली, मासिकाची पानं कमी झाली, खप कमी झाला, अन् जिथं खरेदी व्हायची तिथं ऑर्डरच येईनाशी झाली.

एक उदाहरण देतो, शंभर टक्के खरं आहे. फिनलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हमिना गावाजवळ सुम्मा नावाची न्यूजप्रिंट मिल होती, स्टोरा एन्सो कंपनीची. २००८ च्या जानेवारीत ती बंद झाली आणि पुढच्या वर्षी गूगलनं ती जागा, इमारत सगळं विकत घेतलं अन् तिथं डेटा सेंटर उभं केलं, समुद्राच्या पाण्यानं सर्व्हर थंड करतात. हे तुझ्या प्रोजेक्टमध्ये टाकच, कारण मागणी कुठून कुठं गेली ते इतकं सरळ दुसरीकडं कुठं दिसत नाही. त्याच्या आगंमागं बाकीच्या मिल बघ: वोइक्का २००६ मध्ये, कायानी २००८ च्या अखेरीस, म्युलूकोस्की २०११ मध्ये, कायपोला २०२० च्या शेवटी, आणि कायपोला बंद झाली तेव्हा फिनलंडमध्ये न्यूजप्रिंट बनवणंच संपलं. मग २०२१ मध्ये केमीजवळची व्हेत्सीलुओतो. या प्रत्येक नावासोबत काही लाख टनांची पायरी तुझ्या आलेखात उतरताना दिसेल. रेषा हळूहळू झिजत नाही, पायऱ्यांनी पडते, कारण मशीन अर्धं बंद करता येत नाही.

आता इथं एक फसवणूक आहे अन् ती चार अंकी कोडवर काम करणाऱ्या सगळ्यांची होते. तू म्हणशील ठीक आहे काका, चॅप्टर नको, चार अंकी हेडिंग घेते. घे, पण ४८१० उघडून बघ. त्याच्यात ४८१० २२ म्हणजे एलडब्ल्यूसी, जो मरतो आहे, आणि ४८१० ९२ म्हणजे अनेक थरांचा कोटेड बोर्ड, जो वाढतो आहे, दोन्ही एकाच हेडिंगखाली बसलेत. फिनलंडचं २०१० नंतरचं ४८१० काढलं तर घसरण नुसती मध्यम वाटेल, काहून की एक खाली जातोय अन् दुसरा वर, दोघांची बेरीज सगळं झाकून टाकते. सहा अंकापर्यंत जावंच लागते. फिनलंड कागदातून बोर्डात सरकला ही त्या देशाची गेल्या पंधरा वर्षांची सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आज तिथं बोर्ड कागदापेक्षा जास्त बनतो, आणि चॅप्टर ४८ च्या एका रेषेत तिचा पत्ता लागत नाही.

तो बोर्ड कसा असतो ते घरीच बघ. मेडिकलमधून आणलेल्या एखाद्या चांगल्या कंपनीच्या औषधाची डबी घे आणि कोपरा हळू फाड, एकदम टर्रकन नको, थर सुटला पाहिजे. वरचा थर पांढराशुभ्र, त्याच्यावर कोटिंगची पावडर बोटाला लागेल. मधला थर फिकट पिवळसर, जरा फुगीर, हा मेकॅनिकल पल्प, त्याच्यामुळं बोर्ड वजनाला हलका असून ताठ राहतो. आता शेजारी अगरबत्तीची किंवा स्वस्त खेळण्याची डबी फाड, मधून मळकट राखाडी निघेल, तो रद्दीचा डुप्लेक्स. पहिल्या प्रकारचा माल फिनलंडची खासियत आहे, फोल्डिंग बॉक्स बोर्ड, आणि यात मात्र इंडोनेशिया त्याच्यासमोर उभा आहे, तोही असा माल बनवतो अन् विकतो. म्हणजे दोघांची खरी टक्कर कुठं शोधायची? ४८१० ९२ मध्ये शोध, न्यूजप्रिंटमध्ये नाही.

पुढं डॉलरचं. डॉलरची रेषा काढून तुलना करणं सगळ्यात सोपं आहे म्हणून सगळे तेच करतात. समजा फिनलंडचा माल ७०० युरो टन या भावानं जातो आहे आणि भाव बदललाच नाही. २००० च्या शेवटी युरो ८५ सेंटच्या आसपास होता, म्हणजे ५९५ डॉलर. २००८ च्या जुलैत युरो १.५८ च्या आसपास होता, तोच माल ११०६ डॉलर. टन तेवढाच, मशीन तेच, कामगार तेवढेच, अन् तुझ्या आलेखात निर्यात जवळपास दुप्पट! तू जी फिनलंडची २००८ पर्यंतची चढण बघते आहे ना, तिच्यातला मोठा हिस्सा हा युरोचा आहे. टनात बघितलं तर २००० नंतर चढण थोडीच आहे. उलट इंडोनेशियाचं १९९८ बघ. १९९७ च्या मध्यात डॉलरला साधारण २४०० रुपिया होता, पुढच्या वर्षी दहा हजारांच्या पार गेला. लाकूड, मजुरी रुपियात, विक्री डॉलरमध्ये, शिवाय आशियातलं घरचं मार्केट बसलेलं. मग मिलवाला काय करणार, माल बाहेर ढकलणार. अशा वेळी डॉलरमध्ये वाढ कमी दिसते अन् टनात जास्त, कारण भाव पडलेला असतो.

म्हणून तीन रेषा काढ, एक टनाची, एक डॉलरची, एक डॉलरला टनानं भागून येणाऱ्या भावाची. हा भागाकार म्हणजे युनिट व्हॅल्यू. साधं गणित घे, १०० टन माल ९०० डॉलरनं गेला तर ९०,००० झाले, पुढं ८० टन १००० नं गेला तर ८०,०००. पैशात ११ टक्के पडला, टनात २० टक्के. दोन्ही वाक्यं खरी आहेत पण दोघांचा अर्थ वेगळा, अन् गाईडनं विचारलं की कोणतं खरं, तर तुझ्याकडं उत्तर पाहिजे. मी तर म्हणतो आधी टन, मग भाव, शेवटी पैसा. मिलमध्ये बसलेला माणूस असाच विचार करतो.

टनाचीही एक खोच आहे. झेरॉक्सच्या दुकानातली ए-फोरची रीम हातात घे, ५०० पानं. वेष्टनावर जीएसएम लिहिलेलं असते, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. ७० जीएसएमची रीम साधारण २ किलो १८० ग्रॅम भरते, ८० ची अडीच किलोच्या जवळ. म्हणजे एका टनात ७० च्या सुमारे ४५८ रिमा बसतात, ८० च्या ४०० च्या आसपास. गिऱ्हाईक ८० वरून ७० वर आलं की पानं तेवढीच विकून टन मात्र आठवा हिस्सा कमी होतो. बोर्डातही तेच, हलका पण ताठ माल विकणं ही फिनलंडची हुशारीच आहे, तेव्हा त्यांचे टन थोडे कमी दिसले तरी खोके कमी झाले असं नाही. हे आकड्यात दुरुस्त करता येणार नाही तुला, पण एक परिच्छेद लिहून ठेव.

अन् त्या रिमेवर "मेड इन इंडोनेशिया" लिहिलेलं असेल तर दचकू नको. आसियान या आग्नेय आशियातल्या देशांच्या गटासोबतचा आपला करार २०१० पासून लागू झाला आणि कागदाच्या बहुतेक प्रकारांवरची ड्युटी टप्प्याटप्प्यानं उतरत २०१४ च्या जानेवारीपासून शून्यावर आली. फिनलंडच्या मालाला तीच सवलत नाही. मग २०१८ च्या डिसेंबरात इंडोनेशिया, थायलंड, सिंगापूरच्या कॉपियर पेपरवर आपल्या सरकारनं अँटीडम्पिंग ड्युटी लावली, बाहेरचा माल फार स्वस्तात ओतला जातो म्हणून लावतात ती जादा ड्युटी. अमेरिकेनं तर २०१० मध्ये कोटेड कागदावर आणि २०१६ मध्ये अनकोटेड शीटवर लावली होती, दोन्ही वेळा इंडोनेशिया यादीत. म्हणजे इंडोनेशियाच्या निर्यातीचा देशवार तक्ता काढला तर त्याच्यात ड्युटीच्या तारखा उमटलेल्या दिसतात, एका देशात दार लागलं की पुढच्या वर्षी माल दुसरीकडं वळतो, एकूण बेरीज तेवढीच राहते. फिनलंडचं तसं कमी, तो १९९५ पासून युरोपियन युनियनमध्ये आहे, त्याचा बराच माल घरच्याच बाजारात फिरल्यासारखा फिरतो.

१९९० पासून घेतलं आहेस तर फिनलंडची पहिली चार-पाच वर्षं जपून वाच. सोव्हिएत युनियनसोबत त्यांचा मालाला माल असा हिशोबी व्यापार होता, कागद तिकडं भरपूर जायचा, तो १९९१ मध्ये तुटला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मार्क्काची, म्हणजे त्यांच्या तेव्हाच्या चलनाची, किंमत उतरवली आणि १९९२ मध्ये मार्क्का मोकळा सोडला, तो आणखी पडला. देश मंदीत गेला पण कागदवाल्यांना त्याच स्वस्त मार्क्काचा फायदा झाला. अजून एक, तोपर्यंत फिनलंडच्या बऱ्याच मिल आपापला कागद आपण विकत नव्हत्या, १९१८ पासून फिनपॅप नावाची सामाईक विक्री संघटना होती, तीच जगभर विकायची. युरोपियन युनियनमध्ये शिरल्यावर स्पर्धेचे नियम आले, १९९६ मध्ये ती बंद झाली. त्याच वर्षी यूपीएम-क्युमेने ही कंपनी झाली, १९९८ मध्ये स्वीडनची स्टोरा आणि फिनलंडची एन्सो एकत्र येऊन स्टोरा एन्सो. एकत्र विकणारे गेले अन् दोन-तीन राक्षसी कंपन्या आल्या. या कंपन्यांचा पुढं फायदा-तोटा बघताना गल्लत करू नको, कंपनी फिनलंडची म्हणून तिचा माल फिनलंडचा नाही. यूपीएमचा युरुग्वेमध्ये फ्राय बेंतोसला मोठा पल्पचा कारखाना आहे, चीनमध्ये कागदाची मिल आहे. तो माल त्या-त्या देशाच्या निर्यातीत धरला जातो. कंपनीचं उत्पन्न वाढलं आणि देशाची निर्यात पडली, दोन्ही एकाच वर्षी होऊ शकते.

इंडोनेशियाची गोष्ट जंगलापासून सुरू होते. १९८५ पासून त्यांनी गोल लाकूड जसंच्या तसं बाहेर विकायला बंदी केली, लाकडावर जे काही करायचं ते देशातच करा म्हणून. त्याच काळात सुमात्रा बेटावर रिआऊ प्रांतात पेरावांगला इंदाह कियात ही मिल उभी राहिली, १९९५ मध्ये केरिंचीला एप्रिल नावाच्या कंपनी-ग्रुपची पल्प मिल. सुरुवातीला नैसर्गिक जंगल तोडून पल्प केला, मग बाभळीच्या जातीतलं अकेशिया लावलं. हे झाड तिथं पाच-सहा वर्षांत तोडायला येते. फिनलंडच्या पाइनला, स्प्रूसला साठ ते शंभर वर्षं लागतात. आजोबानं लावलेलं नातवानं तोडायचं, असा तो धंदा. इंडोनेशियाच्या स्वस्त मालाचं मूळ कारण कोणी मजुरी सांगते, पण कागदाच्या खर्चात मजुरी हा मोठा भाग नसतो, लाकूड असते. अन् त्या लाकडाची किंमत जंगलानं आणि लोकांनी मोजली, दलदलीची पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची, जमीन सुकवून लागवडी केल्या, २०१५ मध्ये तिथं आगी लागल्या तर धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला. गडचिरोलीत लेखा-मेंढा गावानं २०११ मध्ये स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतःच्या वाहतूक पासवर विकायचा हक्क मिळवला, ते आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. सुमात्रातल्या किती गावांना तसं विचारलं गेलं, हा प्रश्न तुझ्या प्रोजेक्टमध्ये निर्यातीच्या आकड्याशेजारी यायला पाहिजे असं मला मनापासून वाटते. गाईड म्हणतील विषयाबाहेर आहे, माझ्या मते विषयाच्या पोटातच आहे.

पैशाचंही त्यांचं मोठं प्रकरण झालं. एशिया पल्प अँड पेपर ही सिनार मास ग्रुपची कंपनी, तिनं १९९० च्या दशकात भरमसाठ कर्ज काढून मशीनं बसवली आणि २००१ च्या मार्चमध्ये सुमारे १३ अब्ज डॉलरच्या कर्जाची परतफेड थांबवली. तुझ्या आलेखात बघ, निर्यात तेव्हा कोसळली का? नाही. सावकार अडकले पण मशीन चालू राहिलं, कारण चालू मशीनचा माल विकूनच थोडेफार पैसे निघणार होते. कर्जात बुडालेली कंपनी माल जास्तच बाहेर काढते, हे आपल्याकडंही बघायला मिळते.

आता चॅप्टर ४७ उघड, पल्पचा. हा तू घेतलाच नाही, अन् २०१० नंतरची अर्धी गोष्ट इथंच आहे. दोन्ही देश कागद न बनवता पल्प सुकवून, गाठी बांधून विकायला लागले, अन् दोघांचंही मोठं गिऱ्हाईक चीन. फिनलंडमध्ये २०१७ ला आनेकोस्कीची १३ लाख टनांची मिल सुरू झाली, २०२३ ला केमीची १५ लाख टनांची. इंडोनेशियात दक्षिण सुमात्रामध्ये ओकेआय नावाची पल्प मिल २०१६ च्या शेवटी सुरू झाली, ती तर त्याहून मोठी. तेव्हा फिनलंडची कागदाची निर्यात पडली त्यातला काही भाग पल्पच्या रूपानं बाहेर गेलाच आहे, फक्त चॅप्टर बदलला. लाकूड तेच, जहाज तेच. ४७ आणि ४८ ची बेरीज एकदा मांडून बघ, फिनलंड तुला तेवढा मेलेला दिसणार नाही. पण हेही लिही की पल्पचा टन कागदाच्या टनापेक्षा स्वस्त, देशात राहणारी कमाई कमी.

आणि चीनमध्येही दोघं एकमेकांचे वैरी आहेत असं नाही. फिनलंडचा पल्प पाइन-स्प्रूसचा, लांब धाग्याचा, त्यानं कागदाला ताकद येते. इंडोनेशियाचा अकेशियाचा, आखूड धाग्याचा, त्यानं पान गुळगुळीत होते, टिश्यू मऊ होते. चांगला मिलवाला दोन्ही मिसळतो. (आपला बांबू लांब धाग्याकडं झुकतो, म्हणून बल्लारपूरच्या कागदाला बांबूचा आधार होता.) एकाचा भाव फार चढला तर मिलवाला दुसऱ्याचं प्रमाण थोडं वाढवतो, तेवढीच काय ती स्पर्धा, त्याच्यापलीकडं नाही.

आकडे कुठून घ्यायचे. टनासाठी एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा डेटा घे, १९६१ पासून आहे, उत्पादन आणि निर्यात दोन्ही, फुकट. सहा अंकी मालासाठी यूएन कॉमट्रेड, संयुक्त राष्ट्रांचाच व्यापाराच्या आकड्यांचा साठा. पण दोन्हीची बेरीज जुळली नाही म्हणून घाबरू नको, जुळणारच नाही. एफएओच्या कागद-पुठ्ठ्यात खोके आणि वह्या धरत नाहीत, चॅप्टर ४८ मध्ये धरतात, अन् इंडोनेशिया वह्या-स्टेशनरी चांगलीच विकतो, त्याची त्जिवी किमिया ही कंपनी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. एचएस कोड १९८८ पासून आहेत आणि दर पाच-सहा वर्षांनी बदलतात, म्हणून सगळी वर्षं एकाच आवृत्तीत ओढून घे, नाहीतर २००२, २००७ ला उगाच उड्या दिसतील. विकणारा देश एफओबी लिहितो, म्हणजे माल जहाजात चढेपर्यंतची किंमत, घेणारा सीआयएफ, म्हणजे भाडं-विमा धरून, शिवाय इंडोनेशियाचा माल सिंगापूरमार्गे आणि फिनलंडचा जर्मनीच्या ल्युबेक बंदरातून पुढं जातो, तेव्हा कोणाला विकला ते घेणाऱ्या देशाच्या आकड्याशी एकदा ताडून बघ.

आधार वर्ष निवडताना १९९८, २००५, २००९, २०२०, २०२२ ही वर्षं टाळ. २००५ काहून, तर त्या वर्षी मे-जूनमध्ये फिनलंडच्या सगळ्या कागद मिल सात आठवडे लॉकआउटमध्ये होत्या. २०२२ ला यूपीएममध्ये जानेवारीपासून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संप, अन् त्याच साली रशियाचं लाकूड यायचं थांबलं. अशा वर्षाला १०० धरून निर्देशांक काढला तर पुढचं सगळंच वाकडं दिसते. तीन-तीन वर्षांची सरासरी घे, १९९६, २००७, २०१८ च्या आसपासच्या तीन खिडक्या पुरेशा आहेत.

राहिला तुझा दुसरा प्रश्न, भारत तिसरा देश म्हणून घेऊ का. घे, पण वेगळं प्रकरण करून. आपली कागदाची निर्यात २०२१-२२ मध्ये एकदम वाढून जवळपास १४ हजार कोटी रुपयांवर गेली, ते बघून भारतानं इंडोनेशियाला गाठलं असं कोणी लिहील. त्यातला मोठा वाटा क्राफ्टचा होता. चीननं २०२१ च्या १ जानेवारीपासून रद्दीची आयातच बंद केली, त्यांच्या मिलना धागा पाहिजे होता, तो रद्दीऐवजी आपल्या क्राफ्टच्या रिळांतून गेला. त्या काळात वरूड-मोर्शीकडं पेटीचा भाव इतका चढला की संत्रावाल्यांनी प्लास्टिकचे क्रेट धरले, मला महिनोन् महिने रीळ वेळेवर मिळत नव्हते. आकडे काढताना आपलं वर्ष एप्रिल ते मार्च आहे अन् बाकी दोघांचं जानेवारी ते डिसेंबर, तेव्हा वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवरून महिनावार घेऊन कॅलेंडर वर्षात बसव. ४८०४ आणि ४८०५ (बिनकोटिंगचा बाकीचा कागद-बोर्ड) वेगळे काढ, चीनला किती गेलं ते वेगळं काढ, अन् तक्ता झाला की पाठव, मी बघून देतो.